जिवाणी

नदीत मासे मेले की आमच्या ऑफिसातला फोन वाजतो. एरवी आमची कुणाला आठवण होत नाही. फोन आला की बर्फाची पेटी घ्यायची, धुतलेल्या बाटल्या घ्यायच्या, गाडी असली तर गाडीनं नाहीतर रिक्षानं घाट गाठायचा, बाटल्या भरायच्या, चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि परत यायचं. तोवर वरून सुटलेलं काळं पाणी पुढं शेजारच्या राज्यात पोचलेलं असतं. पाणी तपासायच्या या नोकरीत माझं सातारा झालं, सांगली झालं, पुन्हा सातारा झालं. लोक विचारतात, "मग, नदी सुधारली का?" मी म्हणते, "अहवाल सुधारलेत." ते हसतात, मीही हसते. रागवायचं माझं केव्हाच संपलंय.

एवढ्या वर्षांत नदीच्या बाजूनं प्रश्न विचारणारा एकच माणूस मला भेटला. तो माझा सांगलीतला घरमालक.

गल्लीत सगळे त्यांना आण्णा म्हणायचे, मीही तेच म्हणू लागले. हळदीच्या व्यापारातून बाजूला झालेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. खाली ते राहायचे, वर मी. उंच, काटकुळा देह, पांढरी टोपी, आणि चेहऱ्यावर कुणीतरी नुकतीच चूक केलीय आणि आपण ती पकडलीय असा भाव. त्यांच्या मोपेडचा हॉर्न बंद पडलेला होता. तो दुरुस्त करायच्या ऐवजी ते वळणावर "आलो रंऽ" अशी आरोळी ठोकायचे. त्या आरोळीनं एक-दोन माणसं सायकलवरून पडल्याचं गल्लीत सांगत.

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "कशात हायसा?"

"पाणी तपासते. सरकारी नोकरी."

त्यांचा चेहरा एकदम खुलला. "मग तुमास्नी जिवाणी सांगाय नको."

मी ऐकलं, जिवाणू. म्हटलं, "हो तर, तेच बघायचं असतं. पिण्याच्या पाण्यात नको तो एकसुद्धा सापडला तरी आम्ही पाणी नापास करतो."

"एक जरी घावला तरी नापास?"

"हो."

"आन एकबी न्हाई घावला तर?"

"तर पाणी चांगलं."

आण्णांनी डोक्यावरची टोपी सरळ केली. मग मान हलवून म्हणाले, "उलटंच हाय की वो तुमचं." खोली मात्र दिली.

जिवाणी काय असते ते मला दुसऱ्याच दिवशी जिन्यातून दिसलं. नळाचं पाणी आण्णा 'औषधाचं' म्हणून फक्त वापरायला घ्यायचे. पिण्याचं पाणी ते रोज सकाळी मोपेडवरून कॅननं नदीवरून आणायचे. ते जाड दुपदरी फडक्यातून सावकाश गाळायचे. मग फडकं उलटं करून गाळलेल्याच पाण्यानं एका तांब्यात हलक्या हातानं निथळून घ्यायचे. फडक्यात अडकलेले, डोळ्यांना न दिसणारे जीव असे तांब्यात उतरायचे. त्या तांब्यातलं पाणी म्हणजे जिवाणी. जैनांच्या घरातली ही जुनी रीत. तांब्या दुसऱ्या दिवशी नदीवर जायचा आणि जिवाणी जिथून आणली तिथंच परत सोडली जायची. आण्णा त्यासाठी शेवटच्या पायरीवर बसायचे आणि तांब्या पाण्याला टेकवून तिरका करायचे. उभ्यानं कधी ओतलं नाही. म्हणायचे, "उंचावरनं टाकलं की त्यास्नी लागतंय."

गाळलेलं पाणी मग ते चांगलं खळखळ उकळून प्यायचे, म्हणून मी गप्प बसले. नाहीतर त्या घाटाच्या पाण्याबद्दल माझ्या कपाटात जे कागद होते ते बघून त्यांची जेवणावरची वासना उडाली असती. एकदा न राहवून म्हटलं, "आण्णा, फडक्यातले वाचवता आणि फडक्यातून निसटलेले उकळता. हे कसं?"

"मला पोट हाय म्याडम," ते म्हणाले. "जेवढं हातात हाय तेवढं करायचं. समदंच करायला मी काय मुनी हाय?"

मुनी तर ते नव्हतेच. धर्माचं बाकी सगळं सोयीनं चालायचं. कांदाभजी समोर आली की म्हणायचे, "ह्यो कांदा मी उपटल्याला न्हाई." माझं कपडे धुवायचं यंत्र सुरू झालं की खालून आवाज यायचा, "पितंय बघा लेकाचं! म्हशीवानी पितंय!" भांडायचं असलं की अंगात बारा हत्तींचं बळ, आणि गॅसची टाकी वर चढवायची म्हटलं की गुडघे दुखायचे.

पण 'घेतलं तिथंच परत' या एका गोष्टीत तडजोड नव्हती. कात्री, शिडी, शेजारचं वर्तमानपत्र, सगळ्याला तोच नियम. मोबाइलवर कुणी सकाळी फुलांचं चित्र पाठवलं तर ते तेच चित्र त्याच माणसाला परत पाठवायचे. काही नातेवाइकांना हा अपमान वाटला आणि त्यांनी चित्रं बंद केली. आण्णांना त्याचंही समाधान होतं.

कुंडलच्या मेहुण्यांनी एकदा गुळाची ढेप पाठवली. ढेपेबरोबर मुंग्या आल्या. दुसऱ्या कुणी त्या अंगणात झटकल्या असत्या. आण्णांनी ढेपेचा टवका काढून डब्यात ठेवला, मुंग्या त्यावर गोळा होऊ दिल्या, झाकणाला भोकं पाडली आणि एसटीत बसले. मी त्या दिवशी पलूसकडं कामाला निघाले होते, म्हणून त्याच गाडीत होते. डबा मांडीवर, दोन्ही हात झाकणावर. कंडक्टरनं विचारलं, "आण्णा, डब्यात काय हाय?"

"पावणे हायेत."

"कुठलं?"

"कुंडलचं. सोडाय निघालोय."

कंडक्टरनं भोकातून आत बघितलं. "ह्यांचं तिकीट फुल काढू का हाफ?" अख्खी गाडी हसली. आण्णा हसले नाहीत. "हितं ठेवल्या तर वाट चुकत्याल," एवढंच म्हणाले. कुंडलला मेहुण्यांच्या दारात त्यांनी मुंग्या सोडल्या, चहा घेतला नाही आणि परत आले.

माझी आई कोरेगावहून चार दिवस राहायला आली होती, तिला हे सगळं कळलं. आमच्या गावाकडचा तो कोरडा भाग, उन्हाळ्यात टँकरच्या मागं पळण्यात तिची जिंदगी गेलेली. तिनं जिन्यातून आण्णांचं ते गाळणं बघितलं आणि म्हणाली, "पाणी परत करतोय म्हातारा? आमच्याकडं येऊ तर दे आधी. मग बघू परत करायचं." आण्णांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आईला विचारलं, "आवं, तुमचं पाणी कुणी नेलं?" आईनं माझ्याकडं बोट केलं. मी चपला घातल्या आणि कामाला निघाले, आणि हे सांगणं तर माझीच नोकरी.

माझ्या नोकरीवरून आमचं एकदा मोठं भांडण झालं. विषय निघाला नमुन्यांचा.

"बाटल्या भरून नेतासा. तपासून झाल्यावर पाणी परत कवा सोडतासा?"

"परत नाही सोडत आण्णा. बेसिनमध्ये ओतून देतो."

त्यांचा चेहरा पडला. "नदीचं घिऊन गटारात ओततासा व्हय?" असं म्हणून आत निघून गेले आणि दार लावून घेतलं. माझ्याशी दोन-तीन दिवस बोलले नाहीत. मला राग आला होता. दिवसभर नाल्याच्या तोंडाशी उभं राहून आल्यावर घरमालकाकडून नीती ऐकायची कुणाला हौस असते? पण त्यानंतर बेसिनमध्ये बाटली उपडी करताना माझा हात जरासा अडखळायला लागला, तो आजपर्यंत.

मग ती उन्हाळ्यातली सकाळ आली. नदी आटून मधल्या धारेपुरती उरलेली. वरच्या अंगाला कुणीतरी मळी सोडली असं लोक म्हणत होते. मळी म्हणजे साखर झाल्यावर मागं उरणारा काळा, आंबूस पाक. कुणी म्हणत होतं, मळी नाही, शहराचाच मैला. फोन वाजला. मी पेटी आणि बाटल्या घेऊन घाटावर गेले. वास रस्त्यावरच आला. पाणी चहाच्या चोथ्याच्या रंगाचं झालं होतं. मासे वर येऊन तोंडं उघडत होते आणि काठाला पांढऱ्या पोटांची रांग लागली होती. पोरं पिशव्या भरत होती, माणसं मोबाइलवर चित्रण करत होती, एक पुढारी कॅमेऱ्याकडं तोंड करून नदीला आई म्हणत होता.

शेवटच्या पायरीवर आण्णा बसले होते. हातात तांब्या होता. तो पाण्यापासून वितीवर होता आणि तिथंच थांबला होता.

मी शेजारी वाकून बाटली भरायला लागले. त्यांनी मान न वळवता विचारलं, "म्याडम, तुमी घेतासा. मी सोडू का?"

असा प्रश्न मला कधी कुणी विचारला नव्हता. पाणी प्यायला चालेल का, शेताला चालेल का, म्हशींना चालेल का, हे रोजचं. माणूस, ऊस आणि जनावर, यांच्या पलीकडं पाण्याचं काही काम असतं हे आमच्या फॉर्मातसुद्धा नसतं.

"नका सोडू," मी म्हटलं.

"न सोडून कसं चालंल? त्यांचं घर हाय."

"आज नका सोडू आण्णा. मरतील."

आण्णांची पंचाईत झाली. सोडावी तर आपल्या हातानं जीव मारल्याचं पाप, न सोडावी तर रीत मोडली. शेवटी ते उठले, गुडघ्यावर हात टेकत, तांब्या छातीशी धरून. गर्दीतून वाट काढताना ओरडत होते, "सरका रं, सरका! हितं जित्ती हायेत!"

घरी येऊन त्यांनी ती जिवाणी मातीच्या मडक्यात ठेवली. आणि मग आपला निर्णय सांगितला. परत सोडायला जागा नाही, तोवर नदीचं पाणी घ्यायचं नाही.

"मग पिणार काय?"

"बघतो."

नळाचं पाणी नको, कारण तीही नदीच. मी जारचं पाणी मागवलं. जारवाला आला तर त्यालाच उलटतपासणी. "ह्ये कुठलं?" "प्लांटचं." "प्लांटात कुठनं आलं?" "बोरचं." "मग ह्याची जिवाणी बोरात सोडायला लागंल. सोडू देशील?" जारवाल्यानं माझ्याकडं बघितलं आणि जार उचलून चालता झाला. आण्णा विहिरी शोधत फिरले. गल्लीतली एक विहीर बुजवून त्यावर दुकानाचा गाळा उठला होता, दुसरीत निर्माल्य आणि प्लास्टिक, तिसऱ्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नव्हतं. दोन-तीन दिवस ते ताक आणि कलिंगडावर राहिले. ओठ फुटले. लघवीचा त्रास त्यांना आधीपासून होताच, तो उष्णतेनं वाढला. मी पुण्याला मुलाला फोन केला. तो म्हणाला, "तुम्ही समजावा ना, तुमचं तर शिक्षण त्यातलं आहे." मी समजावायला गेले. आण्णा म्हणाले, "बरं, मग सांगा. सोडू का आता?" मी जिना चढून वर आले.

शेवटी आष्ट्याला चुलतभावाच्या मळ्यातली विहीर त्यांना पसंत पडली. कडेच्या उसामुळं पाणी जरा मचूळ होतं, पण आण्णांची परीक्षा वेगळी. "बेडकं हायेत. म्हंजे चालतंय." मग रोज सकाळची एसटी सुरू झाली. जाताना तांब्यात कालची जिवाणी, येताना कॅनमध्ये उचलवेल तेवढंच पाणी. ऐन उन्हात. तोच कंडक्टर असला की विचारायचा, "आज कुठलं पावणं?" आण्णा म्हणायचे, "आष्ट्याचं. मुक्काम करून निघाल्यात."

नदीची जिवाणी मात्र मडक्यातच होती.

आमच्या नमुन्यांचा अहवाल आला. भाषा ठरलेली असते. मासे नक्की कशानं मेले हे सांगता येत नाही, पाणी शुद्ध करून पिण्यास हरकत नाही. तोवर वरच्या धरणातून पाणी सोडल्यानं नदीचा रंगही सुधारला होता. नळाचं पाणी सगळी सांगली पीत होती, मीही पीत होते. संध्याकाळी आण्णा जिन्यात वाट बघत बसले होते.

"निकाल लागला म्हनं."

"लागला."

"पास का नापास?"

"माणसांसाठी पास."

"आन ह्यांच्यासाठी?" त्यांनी मडक्याकडं बोट केलं.

मी सकाळीच घाटावर जाऊन आले होते. रंग निवळला होता, पण काठचे दगड चिकट होते आणि पाण्यावर लांब पायांचा निवळी किडा एकसुद्धा पळत नव्हता. हो म्हटलं असतं तर म्हाताऱ्याची ती उन्हातली एसटी सुटली असती. मी जिन्यावर त्यांच्या शेजारी बसले. इतकं थकल्यासारखं मला कधीच वाटलं नव्हतं.

"त्यांच्यासाठी कुणी बघत नाही आण्णा. पण मला विचाराल तर अजून नको."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. उलट, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला 'बाळ' म्हटलं. "खरं सांगितलंस बाळ. बास झालं."

पुढच्या आठवड्यात ते आष्ट्याच्या स्टँडवर चक्कर येऊन पडले. कंडक्टरनंच मला फोन केला. दवाखान्यात डॉक्टर सांगत होते, पाणी फार कमी पडलंय, किडनीला मार बसलाय. सलाइन लावलेलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी बाटलीकडं बघितलं आणि पहिलं वाक्य बोलले, "ह्ये कुठलं?" मुलगा पुण्याहून आला होता. तो कपाळाला हात लावून बाहेर निघून गेला. मला आधी हसू आलं आणि मग रडू आलं.

मुलानं त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. बरोबरच होतं. जायच्या दिवशी गाडी दारात उभी असताना आण्णांनी मला खाली बोलावलं आणि मडकं माझ्या हातात दिलं. तोंडाला त्यांचं गाळायचं फडकं बांधलेलं.

"पुण्यात न्हेऊन काय करू? तितनं ह्यास्नी वाट घावायची न्हाई. तुमी ठेवा. तुमी म्हनशिला तवा सोडा."

"मी कधी म्हणणार आण्णा?"

"तुमास्नीच कळंल. तुमचं कामच हाय त्ये." गाडीत बसताना पुन्हा काच खाली करून म्हणाले, "उभ्यानं वतू नगा."

मडकं वर नेलं. मी आयुष्यभर पाण्यातले जीव मोजून नापास करत आले, आता तेच जगवायचे होते. पाणी उडून जायचं तसं भर घालावी लागे. नळाचं पाणी एखादा दिवस उघड्यावर उन्हात ठेवलं की त्यातलं औषध बरंचसं उडून जातं, एवढं मला ठाऊक होतं. तसं करून तांब्याभर घालायचे. ऑफिसातली भिंगाची काच एकदा घरी आणली आणि थेंबभर पाणी तिच्याखाली धरलं. काहीतरी वळवळत होतं, हिरवट, घाईत असल्यासारखं. मी आण्णांना तिथूनच फोन लावला. "आहेत आण्णा. जिवंत आहेत." पलीकडं आण्णा घरात कुणाला तरी ओरडून सांगत होते, "जित्ती हायेत!"

त्यांचा फोन अधूनमधून यायचा. बाकी चौकशी नाही. "म्याडम, सोडलं का?"

"अजून नाही आण्णा."

"बरं." आणि फोन बंद.

मग माझी साताऱ्याला बदली झाली. सामानाच्या टेम्पोत मडकं ठेवायला जीव धजला नाही, मांडीवर घेऊन आले. नदी इथंही तीच आहे. माहुलीला घाटावर उभं राहिलं की पाणी सांगलीपेक्षा किती नितळ दिसतं. मला वाटलं, सुटले. मी तिथूनच फोन केला.

"आण्णा, इथं वर सोडू का? पाणी बरं आहे. नदी तीच, इथून वाहत वाहत सांगलीलाच जाणार. घेतलं तिथंच पोचतील."

आण्णांचा आवाज तोवर फार बारीक झाला होता. आठवड्यातून दोन-तीनदा त्यांचं रक्त मशीनवर स्वच्छ करावं लागत होतं. त्यांनी पुटपुटत मधली गावं मोजली. मग म्हणाले, "मग मधलं समदं बघत जावं लागंल की त्यास्नी. कऱ्हाड, कारखानं, नाले, समदं." आणि शेवटी, "नगं बाळ. ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच."

तो आमचा शेवटचा फोन. त्यानंतर मुलाचा आला. मी सगळं ऐकून घेतलं आणि ठेवून दिला. त्या दिवशीही नमुने घ्यायचे होते, ते घेतले.

मडकं माझ्या बाल्कनीत आहे. परवा डेंग्यूच्या तपासणीला आरोग्य खात्याची बाई आली. कुंड्या बघितल्या, फ्रिजच्या मागचं भांडं बघितलं, मग मडक्यापाशी थांबली. "म्याडम, तुमीच पाण्याच्या खात्यात आन तुमच्याच घरी साठवल्यालं पाणी? काय हाय ह्यात?"

"पावणे आहेत," मी म्हटलं.

"कुठलं?"

"सांगलीचे. सोडायला जायचंय."

तिनं फडक्याची गाठ तपासली. घट्ट होती, डास शिरायला जागा नव्हती. तरी तिला विचारल्याशिवाय राहवेना. "मग कवा जाणार?"

"विचारून सांगते," मी सवयीनं म्हटलं. ती भिंतीवर खडूनं खूण करून खाली उतरली, आणि मग माझ्या लक्षात आलं की विचारायचं कुणाला नव्हतंच. कधी सोडायचं ते मीच सांगायचं होतं.